स्थळ पाहताना राहून जाणारा प्रश्न

नोव्हेंबर 2020. ऐन दिवाळीत नेकनूर पोलीस ठाण्याच्या हद्दीत, येळंब घाटाजवळ 22 वर्षांची एक तरुणी अ‍ॅसिड आणि पेट्रोलने भाजलेल्या अवस्थेत सापडली. बीडच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. गुन्हा नोंदला गेला तो तिच्यासोबत राहणाऱ्या तरुणावर. अशी बातमी आली की आपण हळहळतो, "माणूस आधी ओळखता यायला हवा." पण ओळखायचा कसा आणि सांगायचं कुणी, यावर बोलत नाही.

सोयरीक जुळवताना चौकशी भरपूर होते. जमीन किती, पाणी आहे का, पोरगा पितो का? "त्याने आधी कुणा बाईवर हात उचलला आहे का?" एवढं मात्र विचारलं जात नाही. ऊसतोडीच्या गावांत तर घाईच असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल. म्हणून हंगामाआधी लग्न उरकतं आणि नवी नवरी थेट कारखान्यावरच्या कोपीत पोचते. तिथे माहेर जवळ नसतं.

डॉक्टर म्हणून मला हा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. पुढे मारहाण होईल का, याचा एक भक्कम इशारा म्हणजे आधी केलेली मारहाण. "लग्नानंतर सुधारेल" हे औषध नाही. त्याने कुणाचा गळा दाबला असेल, तर तो साधा राग समजू नका. अशा नात्यात पुढे जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण दर चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं.

इंग्लंडमध्ये 2009 मध्ये क्लेअर वूड हिचा तिच्या माजी प्रियकराने खून केला. त्याने आधीही स्त्रियांवर अत्याचार केले होते. तिच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि 2014 पासून इंग्लंड-वेल्समध्ये जोडीदाराचा असा पूर्वेतिहास पोलिसांकडे विचारण्याची सोय झाली. आपल्याकडे अशी योजना नाही. ती यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर हे करता येईल:

- दुसरेपणाचं स्थळ असेल तर "पटलं नाही, फारकत झाली" यावर थांबू नका. पहिलीच्या माहेरी घरातल्या बाईने जाऊन शांतपणे विचारावं.
- ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर न्यायालय निवडून, नाव आणि वर्ष टाकून खटले शोधता येतात. सारख्या नावांमुळे गल्लत होते, म्हणून गाव आणि वडिलांचं नाव ताडून पाहा. काही सापडलं नाही म्हणजे माणूस निर्दोष, असंही नाही. बहुतेक मारहाण पोलिसांपर्यंत जातच नाही.
- कळलेली गोष्ट मुलीला एकटीला गाठून सांगा. त्याच्यासमोर नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. फोन कुणाच्याही हाती पडतो.
- ती लगेच मागे हटली नाही तर रागावून बोलणं तोडू नका. तिला परत यायला दार उघडं हवं.

"डॉक्टर, त्या घरातली सून तुमच्याकडे यायची ना? पोरगा कसा आहे?" असं मला विचारलं जातं. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. उद्या तीच माझ्याकडे जखम दाखवायची बंद होईल. पण शेजारी, मध्यस्थ, भावकी यांच्यावर हे बंधन नाही. "लग्न मोडायचं पाप कशाला घ्या" म्हणून ते गप्प बसतात. माझ्या मते पाप गप्प बसण्यात आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार हिंसा झाली असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही हा कायदा संरक्षण देतो.

आणि लग्न होऊन गेलं असेल तर? "आधी चौकशी का केली नाही" असं तिला ऐकवू नका. मारहाणीचा दोष मारणाऱ्याचाच. महिला हेल्पलाइन 181 आणि तातडीसाठी 112 हे दोन नंबर तिला तोंडपाठ करून द्या.