विश्लेषण: जुनी फियाट ‘लो’ केली, तर ती व्हिंटेज राहते का?

जमिनीला जवळजवळ टेकलेली जुनी फियाट, रुंद टायर, मडगार्डच्या आत शिरलेली चाकं. अशा गाड्यांच्या रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. त्या बघणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: आरटीओ पकडत नाही का?

आता या प्रश्नात आणखी एक गुंता आला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० ला ‘पद्मिनी’ हे नाव दिलं १९७४ मध्ये. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत आणि पन्नास वर्षं झाली की गाडीला कायद्याने ‘व्हिंटेज’चा दर्जा मिळू शकतो.

मात्र नुसतं वय पुरत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. पण ती मूळ रूपात जपलेली हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत बदल केलेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’.

या यादीत सस्पेन्शनचा उल्लेख नाही. मग मोकळं रान आहे का? तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सगळ्याच गाड्यांना लागू आहे. कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रावर असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

गोम अशी की कायद्याच्या भाषेत ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला फेरफार. गाडी पाच सेंटिमीटर खाली आणली, तर मूळ वैशिष्ट्य बदललं का? कलम ५२ मध्ये सेंटिमीटरचा आकडाच नाही. त्यामुळे समोरचा अधिकारी काय म्हणतो, यावर बरंच ठरतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९५८ पासून निदान मोजता येईल असा निकष होता. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली जाता कामा नये. तो नियमही २०२४ पासून काढून टाकला गेला.

गाडी खाली येते कशी?

फियाटच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग आहे, मागे कमानपाटे. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे ग्राइंडरने स्प्रिंगचा वेढा कापणे. आठ वेढ्यांपैकी एक कापला, की उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. शिवाय कापलेलं टोक आपल्या जागेवर नीट बसत नाही. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं, तर स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. मागे पाट्यांचा बाक कमी केला जातो. चाकांचा कोन बिघडला, की टायर एका कडेने झिजतात.

गाडी खाली आली की वळणावर कमी कलते, हे खरं आहे. पण रेसिंगच्या गाडीला तिचा उपयोग सपाट ट्रॅकवर होतो. कॉलम गिअरच्या पद्मिनीला तो कुठे होणार?

गंमत म्हणजे रीलमधल्या कित्येक गाड्या कुणी मुद्दाम ‘लो’ केलेल्या नसतीलही. चाळीस वर्षं वजन वाहून पाटे बसलेले असतात. त्याला स्टाइल म्हणायचं की दुरुस्ती राहिली म्हणायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणि गतिरोधक?

अशी गाडी घेऊन पुणे-नाशिक रस्त्याने निघालात, तर मंचर सोडल्यावर नारायणगावच्या आधी आंबेगाव तालुक्यातलं कळंब लागतं. या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या चालतात. खरी परीक्षा हायवे सोडून गावात वळल्यावर सुरू होते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. फियाटच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.३४ मीटर अंतर आहे. म्हणजे गाडी मधोमध आली तरी चारही चाकं उतारावरच असतात आणि पोटाखालची जागा फक्त चार सेंटिमीटरने कमी होते. पण गावातल्या हातभर रुंदीच्या उंचवट्यावर चाकं दोन्हीकडे सपाट रस्त्यावर राहतात. तिथे सगळे दहा सेंटिमीटर जातात. त्यात चार माणसं बसलेली असतील, ब्रेक उशिरा लागला असेल, तर चेंबरच फुटायचं. ऑइल गेलं आणि गाडी तशीच रेटली, तर इंजिनही जातं.

जुन्नर-आंबेगावात लग्नाच्या वरातीसाठी सजवलेली जुनी गाडी भाड्याने द्यायचा विचार असेल, तर व्हिंटेज नोंदणी त्यासाठी नाही. तिचा व्यावसायिक वापर करता येत नाही, रोजची ये-जाही नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. नेहमीची नोंदणी ठेवायची, तर फिटनेस तपासणी आलीच आणि तिथे कापलेली स्प्रिंग लपवणं सोपं नाही. बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर भरपाईवरून वाद होऊ शकतो.

तरीही गाडी ‘लो’ करायचीच असेल, तर फरक परत फिरता येण्यात आहे. योग्य मापाच्या वेगळ्या स्प्रिंग बोल्टने बसवल्या आणि मूळच्या जपून ठेवल्या, तर गाडी पुन्हा होती तशी करता येते. कायद्याची जोखीम मात्र राहतेच. अॅक्सलला जागा करण्यासाठी चासी कापली, की व्हिंटेजच्या नियमात थेट लिहिलेला बदल झाला. मग पन्नास काय, साठ वर्षं झाली तरी तो दर्जा मिळणं अवघड.

सेकंडहँड जुनी फियाट बघायला जाताना म्हणूनच टॉर्च न्यावा. खाली वाकून स्प्रिंगचं टोक कापलेलं आहे का, चासीवर वेल्डिंग आहे का, दोन्ही बाजूंचे पाटे सारखे आहेत का, ते बघावं. स्प्रिंग बदललेल्या दिसल्या, तर मूळच्या कुठे आहेत हे विचारावं आणि त्या गाडीसोबतच मागून घ्याव्यात.