रुईचा हार हवा, रुई नको!

शनिवारी मारुतीरायाला रुईच्या पानांचा हार घालावयाचा आणि सोमवारी देवळाच्या आवारातील रुई ‘तण’ म्हणून मुळासकट उपटावयाची, ही कोणती भक्ती? बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात अशी आवारे आम्ही पाहिली आहेत. सुशोभनाच्या नावाखाली फरशी बसते, कुंड्यांतून परदेशी झाडे येतात आणि हार मात्र बाजारातून विकत आणला जातो!

बीदरच्या जांभ्या माळापासून गाणगापूरच्या भीमातीरापर्यंत ही रुई कोणी पाणी न घालता उभी असते. रथसप्तमीच्या स्नानाला तिची पाने लागतात, नवग्रहहोमात सूर्याला तिची समिधा लागते. पूर्वजांनी तिला ‘अर्क’ हे सूर्याचेच नाव दिले, ते उगाच नव्हे.

तिच्या जांभळट फुलांवर मोठे काळे भुंगे गुंजारव करीत येतात. रुईचे पराग सुटे नसतात; त्यांच्या चिमुकल्या पुड्या कीटकांच्या अंगाला अडकून दुसऱ्या फुलात जातात. काळ्या कडांचे एक केशरी फुलपाखरू तिच्या पानांवर अंडी घालते. तिचा विषारी चीक अंगी मुरल्याने त्याला पक्षी सहसा खात नाहीत.

हे भुंगे तुरीच्या फुलांवरही जातात. ज्या कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती बहुतांशी स्वपरागित असली, तरी तिच्या फुलोऱ्यात भुंग्यांचा वावर असतोच. परंतु तूर फुलते थोडे दिवस. रुई जवळजवळ वर्षभर. तुरीचा बहर ओसरल्यावर या जिवांनी काय फरशी चाटावी?

चीक डोळ्यांस घातक आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणून रुई मुलांच्या खेळण्याच्या जागी नको, कुंपणाकडेला असावी. पाने तोडल्यावर हात धुवावेत. तेवढ्यासाठी तिचा उच्छेद कशाला? आणि मुळाचा गणपती करण्यासाठी पांढरा मांदार खणून काढणाऱ्यांनी जिवंत झाडातील गणपतीला आधी नमस्कार करावा!

प्रत्येक देवळाने कुंपणालगत चार रुया राखाव्यात, त्यांवर औषध फवारू नये, पाने बेताने तोडावीत, एवढेच आमचे मागणे आहे. कोंकणी घरांतून श्रावणातील चूडीपूजेसाठी आजही रानफुले व तृणे वेचली जातात. देवाला बांधावरचे चालते. मग विश्वस्तांनाच ते का चालू नये?