किल्ली कोणाच्या कमरेला?

युद्धांतील अत्याचारांचा न्याय ज्या त्या देशानें आपल्याच कायद्यानें व आपल्याच न्यायालयांत करावा, परक्यांच्या पंचायतीची आपणांस गरज नाहीं, असें म्हणण्याचा प्रघात आपल्याकडील सुशिक्षितांत पडला आहे. मत ऐकावयास मोठें तेजस्वी आहे. रोम येथील १९९८ च्या करारावर भारतानें सही केलेली नाहीं, तिचें समर्थनहि बहुधा ह्याच भाषेंत होतें. घरचें न्यायासन मलाहि प्रिय आहे. परंतु हा अभिमान मिरविणाऱ्या गृहस्थांनीं घरचा कायदा एकदां तरी उघडून पाहिला आहे काय?

तो कायदा म्हणजे जिनीव्हा करारांसंबंधीचा १९६० चा अधिनियम. त्याचें तिसरें कलम वाचतांना छाती फुगते. भारतांत वा भारताबाहेर कोणीहि मनुष्य त्या चार करारांचा गंभीर भंग करील, तर तो दंडास पात्र; करारानें संरक्षिलेल्या व्यक्तीचा बुद्धिपुरस्सर वध झाला असेल तर देहान्त अथवा जन्मठेप, इतर प्रकारांत १४ वर्षांपर्यंत कैद. जगाच्या पाठीवरील कोणताहि जुलमी सेनापति ह्या कलमाच्या कक्षेबाहेर नाहीं! पुढें सतरावें कलम येतें. सरकारनें, अथवा सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्यानें, फिर्याद केल्यावांचून कोणत्याहि न्यायालयानें ह्या गुन्ह्याची दखल घेऊं नये! वाडा चौदा चौकांचा खरा, पण दिंडीदरवाजाची किल्ली एकाच्याच कमरेला. ज्याचा मुलगा मारला गेला त्यानें बाहेर ओट्यावर बसून राहावें. गोवामुक्तीनंतर पोर्तुगीज नागरिकत्व पत्करलेल्या एका पाद्र्यांनीं ह्या करारांचा आधार मागितला, तेव्हां ह्या अधिनियमानें न्यायालयाकडे धांव घेण्याचा स्वतंत्र हक्क कोणास दिलेला नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं स्पष्ट सांगितलें. न्यायालयाचें चुकलें असें मी म्हणत नाहीं. कायदाच तसा आहे.

सरकारच्या हातीं किल्ली राहिली म्हणजे काय होतें, हें जर्मनीनें १९२१ सालीं दाखविलें. पहिल्या महायुद्धानंतर दोस्तांनीं आठशेंहून अधिक नांवांची यादी पुढें केली. जर्मनी म्हणाली, आमचा न्याय आम्ही करूं. यादी ४५ नांवांवर आली, लाइप्झिगच्या न्यायालयापुढें उभे राहिले १२, आणि दोषी ठरले ६. १९१८ च्या जून महिन्यांत ‘लँडोव्हरी कॅसल’ हें रुग्णवाहू जहाज पाणबुडीनें बुडविलें व होड्यांतून जीव वांचवूं पाहणाऱ्यांवर तोफा डागल्या. एकंदर २३४ माणसें गेलीं, २४ वांचलीं. पाणबुडीचा मुख्य अधिकारी हातीं लागलाच नाहीं. हाताखालच्या दोघांना चार चार वर्षांची शिक्षा झाली, आणि कांहीं महिन्यांतच दोघेहि तुरुंगांतून निसटले! न्यायाधीशांना सरसकट दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. उघड उघड बेकायदा असलेल्या हुकमाची ढाल सैनिकास पुढें करतां येणार नाहीं, हें त्यांनीं निःसंदिग्धपणें लिहून ठेविलें, आणि पुढील पिढ्यांच्या न्यायशास्त्रास तें उपयोगी पडलें. निकालपत्र सरस आणि तुरुंगाचा दरवाजा सैल, अशी ती तऱ्हा होती.

“खून, बलात्कार ह्यांना आमची दंडसंहिता समर्थ आहे,” असें कोणी म्हणेल. ती समर्थ आहे, पण एकेका प्रेतापुरती. हुकूम देणारा, तो खालीं पोंचविणारा, कळूनहि डोळेझांक करणारा वरिष्ठ, ही सारी सांखळी खुनाच्या साध्या कलमांत कशी मावावी? मानवतेविरुद्धचे गुन्हे व वंशसंहार हे आमच्या फौजदारी कायद्यांत नाहींत, ही उणीव तांतडीनें भरून काढली पाहिजे, असें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें १९८४ च्या हत्याकांडासंबंधीं १७ डिसेंबर २०१८ रोजीं निकाल देतांना म्हटलें होतें. वंशसंहाराविरुद्धचा करार तर भारतानें १९५९ सालींच मान्य केला होता. त्यानंतर सगळी दंडसंहिता नव्यानें लिहिली गेली, १ जुलै २०२४ पासून ती अंमलांतहि आली. उणीव जशीच्या तशी!

त्याच जर्मनीनें २००२ सालीं ह्या गुन्ह्यांची स्वतंत्र संहिता केली. दमास्कसच्या कोठडींतील छळ व २७ खून ह्यांबद्दल एका सीरियन अधिकाऱ्यास कोब्लेंझच्या न्यायालयानें १३ जानेवारी २०२२ रोजीं जन्मठेप दिली. कोठडींतून जिवंत सुटलेले लोक तेथें सहफिर्यादी म्हणून बसले होते.

दार सताड उघडलें तर राजकारणी फिर्यादींचा पूर येईल, ही शंका पोकळ नाहीं. बेल्जियमनें १९९३ चा आपला उदार कायदा अमेरिकेनें डोळे वटारतांच २००३ सालीं गुंडाळून ठेवला. पण पुराच्या भयानें कोणी विहीर बुजवीत नाहीं. सरकारनें फिर्याद नाकारावयाची तर लेखी कारणें द्यावीं, तीं उच्च न्यायालयानें तपासावीं, व पीडितास तेथें बोलतां यावें, एवढी दुरुस्ती सतराव्या कलमांत करावयास एक पानहि लागणार नाहीं. घरच्या न्यायासनाचा अभिमान बाळगणाऱ्यांपैकीं किती जण ही मागणी करावयास पुढें येतात, तें मला पाहावयाचें आहे.