हिवाळी डिझेल आणि पंपावरचे मौन

डिझेलमध्ये पॅराफिन मेणाचा जो अंश विरघळलेला असतो, आणि ज्याच्यामुळे ते इंजिनात सुलभतेने पेट घेते, तोच अंश लडाख किंवा स्पितीच्या थंडीत पातळ पापुद्र्यांसारख्या स्फटिकांच्या रूपाने विलग होऊन गाळणीवर बसतो आणि टाकी भरलेली असताना इंजिन उपाशी मरते.

यावर रसायनशास्त्राने योजलेला उपाय मोठा युक्तीचा आहे. इथिलीन व व्हिनाइल ॲसिटेट यांच्या संयोगातून सिद्ध होणारे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, अत्यल्प प्रमाणात मिसळले असता मेण बाहेर पडायचे थांबते असे नव्हे. ते पडतेच, परंतु त्याचे स्फटिक बारीक व सुटे राहिल्याने त्यांच्या थरातूनही इंधन पाझरत राहते. मात्र हे द्रव्य इंधन उबदार असतानाच मिसळले पाहिजे. एकदा जमलेले मेण वितळवण्याचे सामर्थ्य त्यात नाही. म्हणजे ही तजवीज कारखान्यातच व्हावयास हवी. खिंडीत अडकलेल्या चालकाने बाटली ओतून ती होत नाही, आणि मग तो बिचारा टाकीखाली जाळ करतो किंवा रॉकेल मिसळतो, ज्याने मेण विरळ होते खरे, पण इंधनाचा वंगणगुण घटून पंप झिजतो.

इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये पानिपतच्या कारखान्यातून उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल लडाखसाठी काढले, हे निःसंशय स्तुत्य होय. तथापि तो आकडा प्रवाहितेचा. गाळणी तुंबण्याचे तापमान सामान्यतः त्याहून वरचे असते, आणि वाहनचालकाला गरज असते ती याच दुसऱ्या आकड्याची. जर्मनीत 16 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर विकले जाणारे डिझेल उणे 20 अंशांपर्यंत गाळणीतून गेलेच पाहिजे, असा दंडक आहे. आपल्या प्रमाणकात सर्वसाधारण हिवाळी डिझेलाला अधिक 6 अंशांची मर्यादा पुरेशी मानली आहे, जी नागपूरला शोभते, पण नागपूरच्या पंपावर टाकी भरून मनालीपलीकडे निघालेल्या हौशी प्रवाशाला कोणी तसे सांगत नाही.

सबब मनाली, जम्मू, श्रीनगर येथील पंपांवर गाळणी तुंबण्याचे तापमान लिहिणे सक्तीचे करावे. इंधनाची घनता ग्राहकाला दाखवण्याची शिस्त पंपांना आधीपासूनच आहे. तिच्या शेजारी आणखी एक आकडा लिहावयास नव्या खात्याची वा खर्चाच्या मंजुरीची गरज नाही.