आज्जी, तुझा फास्ट आहे?

परवा नातीनं विचारलं, "आज्जी, आज तुझा फास्ट आहे?" मी म्हटलं, "फास्ट गाडी असते गं बाई. माझा उपवास आहे." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

इंग्रजीत हा शब्द चार घरचा पाहुणा. पळतं तेही फास्ट, न विटणारा रंगही फास्ट, गाढ झोपही फास्ट आणि न जेवणंही फास्ट. मुळात त्याचा अर्थ घट्ट, पक्का. नियम घट्ट धरायचा, म्हणून उपाशी राहण्यालाही तो शब्द आला. मूळ चांगलं आहे, त्या भाषेशी माझं भांडण नाही. भांडण आपल्याशी आहे.

आपल्याकडे अनशन वेगळं, एकाशन वेगळं. भुकेपेक्षा चार घास कमी खाणं ते अवमौदर्य. तूप, दूध, मीठ असा एखादा रस सोडणं तो रसपरित्याग. एवढी बारीक वाटणी करणारी माणसं आपण, आणि सगळ्याला एकच लेबल चिकटवून मोकळे झालो!

याची किंमतही मोजली. गांधीजींचं उपोषण फास्ट आणि सल्लेखनाही 'फास्ट अनटू डेथ'. उपोषणात मागणी असते. सल्लेखनेत मागणीच नाही. मरणाची इच्छा धरणं हासुद्धा तत्त्वार्थसूत्रात तिचा अतिचार सांगितलाय. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. तेव्हा आपण मोर्चे काढले. पण आपल्याच लेकरांना हा फरक धड समजावून सांगता येईना.

आणि खरं बोलायचं तर फास्टचा 'वेगवान' अर्थच आपण घरात घेतलाय. दशलक्षणात कोणाचे पाच, कोणाचे दहा, याची शर्यत. गेल्या भाद्रपदात ओळखीतली एक नवी सून सातव्या दिवशी बसदीच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, सलाईन लावू. सासू म्हणाली, "तीनच दिवस राहिलेत की. फ्लेक्सवर नाव छापून झालंय!"

सोळा भावनांत 'शक्तितस्तप' अशी एक आहे. शक्ती असेल तेवढंच तप. ती रोज म्हणणाऱ्या तोंडातून हे वाक्य आलं. त्या पोरीला विचारलं कोणी? पुरुषांची नावं फ्लेक्सवर देणगीदार म्हणून, बायकांची उपाशी म्हणून. हा कुठला धर्म?

उपवास म्हणजे जवळ राहणं, आपल्या आत्म्याच्या जवळ. तिथं शर्यत नाही, टाळ्या नाहीत, सासूही नाही.

मी सुनेकडून पाणी मागून घेतलं आणि नातीला जवळ बसवलं. म्हटलं, "माझं आज एकाशन. तुझं वय जेवायचं. जेव पोटभर. फक्त ताटात टाकू नकोस काही. तेवढं तप तुला पुरे."