कोपरा कोण सांभाळणार?

चढाई करणाऱ्याच्या नावाने मैदान दुमदुमते; परंतु कबड्डीचा संघ उभा राहतो तो कोपरा सांभाळणाऱ्याच्या मनगटावर. पकड एकट्याने साधत नाही; शेजारच्या साथीदाराशी साखळी वर्षानुवर्षे घोटावी लागते. लालबाग-परळमध्ये या घडणीला गिरण्यांतील रोजगाराचा आधार होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व तो आधार तुटला. २०१४ साली सुरू झालेली प्रो कबड्डी तयार खेळाडू बोलीत विकत घेते. २०१८ मध्ये मुंबईच्या संघाचा डावा कोपरा इराणच्या फझल अत्राचलीने सांभाळला. त्याच्या गुणांविषयी आकस नाही. सवाल गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभारू देणाऱ्या शासनाला आहे : कामगारांच्या मुलांना मैदान व पगारी प्रशिक्षक कधी देणार?