गोठलेले चित्र आणि साडेअठ्ठावन्न रुपये

पावसाची झड लागली की भंडारा जिल्ह्यातील पुष्कळ घरांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज अडखळतो आणि अखेरीस ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उरतात. केबलवाला म्हणतो, बॉक्स गेला असेल; संच दुरुस्त करणारा म्हणतो, लाईन खराब आहे. महिन्याचे पैसे मात्र आगाऊ गेलेले असतात.

जुन्या ॲनालॉग पद्धतीत सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत. ती पूर्वसूचनाच असे. डिजिटल पद्धतीत सिग्नल एका मर्यादेपर्यंत कितीही उतरला तरी चित्र निर्मळ दिसते. त्या मर्यादेखाली मात्र एकदम कडेलोट होतो. काल रात्री उत्तम दिसत होते, म्हणून काल सारे ठीक होते असे मानता येत नाही.

दोष पुष्कळदा अगदी क्षुल्लक असतो. भिंतीबाहेरच्या जोडात पाणी शिरून तार गंजते, कनेक्टर सैल होतो, किंवा दुसऱ्या खोलीतील संचासाठी स्प्लिटर बसवलेला असतो. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला निम्म्याहूनही कमी शक्ती देतो, हे बसवणारा सहसा सांगत नाही. स्प्लिटर काढून तार थेट बॉक्सला जोडून पाहावी. तेवढ्याने भागले नाही, तर त्याच केबलवाल्याच्या शेजारच्या ग्राहकाकडे आपला बॉक्स नेऊन त्याच्या तारेला लावावा. तेथे चित्र आले तर बॉक्स निर्दोष ठरला आणि वाद मिटला. शेजाऱ्याच्या स्वतःच्या बॉक्सवरही चित्र नसेल, तर दोष बहुधा खांबावर किंवा त्यापलीकडे आहे. घरी इन्व्हर्टर असूनही वीज जाताच चित्र जात असेल, तर खांबावरचा ॲम्प्लिफायरही विजेवरच चालतो हे आठवावे.

मग खांबावर कोणी चढत का नाही? डिजिटलीकरण २०११ च्या कायदादुरुस्तीने सक्तीचे झाले. भंडारा, तुमसर, पवनी यांसारख्या नगरपालिकांच्या गावांना ३१ जानेवारी २०१७ आणि खेड्यांना ३१ मार्च २०१७ ही अखेरची मुदत होती. फेब्रुवारी २०१९ पासून जोडणी शुल्काची कमाल मर्यादा करापूर्वी १३० रुपये ठरली. ती २०२४ मध्ये उठली. वेगळा करार नसल्यास या शुल्काचे ५५ टक्के मोठ्या वितरकाचे आणि ४५ टक्के स्थानिक केबलवाल्याचे, अशी वाटणी ठरलेली होती. म्हणजे ५८ रुपये ५० पैसे. शिवाय सशुल्क वाहिन्यांतील थोडासा वाटा. विखुरलेल्या खेड्यांत एवढ्यावर कायमचा लाईनमन पोसणे अवघडच. ‘सिग्नल नाही’ ही तक्रार २४ तासांत निवारण्याचा दंडक २०१७ च्या विनियमांत घातला गेला; त्यासाठी लागणारा पैसा कोठून यावा, याचा विचार तितक्या काळजीने झालेला दिसत नाही.

तरीही लाईनच्या दोषाचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा? तक्रार तोंडी न करता वितरकाकडे नोंदवून क्रमांक घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरण व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. परंतु शंभर-दीडशे रुपयांसाठी तेथवर जाणारा विरळाच. बहुतेक जण मुकाट्याने जोडणी सोडतात आणि मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिशची छत्री घेतात. मुसळधार पावसात तीही चित्र सोडते. इकडे केबलवाल्याचा एक ग्राहक कमी होतो, आणि उरलेल्यांसाठी खांबावर चढणे त्याला आणखी महाग पडते.